नामसूचीतील ‘पाहा’

‘कुलाबा’ हे नाव सूचीत कोणत्या नोंदीकडे न्यावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. या एका नावाने किमान तीन गोष्टी ओळखल्या गेल्या आहेत : मुंबईच्या दक्षिण टोकाची वस्ती, अलिबागसमोरचा सागरी किल्ला, आणि १८६९ साली स्वतंत्र झालेला व १९८१ पासून ‘रायगड’ हे नाव धारण केलेला जिल्हा. वस्ती आणि किल्ला आपापल्या जागी नावासकट उभे आहेत. तिसऱ्या कुलाब्याचे नाव तेवढे गेले. परंतु १८८३ च्या गॅझेटियरमध्ये, १९६४ च्या सुधारित गॅझेटियरमध्ये आणि मधल्या काळातील शेतकरी चळवळीच्या कागदपत्रांत जिल्हा ‘कुलाबा’च आहे. सूचिकाराने ‘कुलाबा : पाहा रायगड’ असे लिहिले, की १९८१ चा एक शासकीय निर्णय तो शंभर वर्षे मागे नेऊन लागू करतो. ‘रायगड : पाहा कुलाबा’ असे लिहिणे आज कोणालाच मानवणार नाही. दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवून मध्ये काहीच न लिहिल्यास एका प्रदेशाचा इतिहास एकमेकांस अनोळखी अशा दोन प्रदेशांत वाटला जातो.

आंतरजालावरील ज्ञानकोशासाठी रायगडच्या किनारपट्टीची नामसूची करण्याचे काम जो कोणी स्वेच्छेने अंगावर घेईल, त्याला पहिल्याच दिवशी हा पेच भेटतो. प्रस्तुत विवेचन अशा कामाच्या निमित्ताने सुचलेले आहे. सूची करणे ही वाङ्मयीन हमाली होय, अशी समजूत आपल्या विद्यापीठीय व्यवहारात बळकट आहे. प्रबंधाच्या शेवटी सूची नसली तरी परीक्षकाला ते खटकत नाही. आता शोधयंत्र हाताशी असल्याने तिची गरजच उरली नाही, असेही म्हटले जाते. ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून आलेली आहेत. नाव सापडणे आणि नाव कोणाचे आहे हे ठरणे या भिन्न क्रिया आहेत. शोधयंत्र अक्षरे जुळवते. दोन वेगळ्या अक्षररूपांमागे एकच व्यक्ती अथवा एकच गाव आहे, हे विधान मात्र कोणीतरी करावे लागते, आणि विधान म्हटले की ते चुकीचे असण्याची शक्यता आलीच.

मराठी कोशपरंपरेने सूचीला इतके कमी लेखले नव्हते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त सूचीसाठी स्वतंत्र खंड राखून ठेवला होता. त्यांच्या पहिल्या पाच प्रस्तावनाखंडांत विषय युक्तिवादाच्या क्रमाने येतात, पुढे ते अकारविल्हे येतात. या दोन क्रमांना सांधणारा दुवा म्हणजे सूची. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (१९४३, दुसरा भाग १९६१) हे तर एका माणसाच्या जिद्दीचे काम. दुसऱ्या बाजूला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरला १९०४ साली आर. ई. एन्थोव्हेन यांनी सर्वसाधारण सूचीचा खंड जोडला, आणि किनाऱ्यावरील गावे, जाती, राजे, झाडे व कर ही सारी इंग्रजी वर्णक्रमात एका रांगेत उभी राहिली. ती सूची उपयुक्त होती; आजही आहे. परंतु आपण कोणत्या नावाने शोधले जाणार, हे त्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी ठरविलेले नव्हते.

फ्रेगे यांनी १८९२ च्या निबंधात पहाटेचा तारा आणि सायंतारा यांचे उदाहरण घेऊन नावाचा आशय आणि नावाचा निर्देश यांत भेद केला. दोन्ही नावे एकाच ग्रहाची आहेत, हे कळणे म्हणजे ज्ञानात भर पडणे होय, तो केवळ शब्दच्छल नव्हे, असे त्यांचे म्हणणे. सूचीतील ‘पाहा’ ही नोंद नेमके असेच तादात्म्याचे विधान करीत असते. चौलचे उदाहरण घेऊ. ‘पेरिप्लस’मध्ये सेमुल्ला आहे, टॉलेमीकडे सिमुल्ला आहे, कान्हेरीच्या लेखांत चेमुल येते, दहाव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेलेला अल् मसुदी सैमूर लिहितो, १४६९ मध्ये उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन च्युविल म्हणतो, पोर्तुगीज कागदपत्रांत चौल स्थिर होते, स्थानिक परंपरा चंपावती आणि रेवतीक्षेत्र सांगते. सूचिकार ही सर्व रूपे ‘चौल’कडे वळवितो आणि पुढच्या नोंदीकडे जातो.

पण येथे थांबावयास हवे. ग्रीक लेखकांचे हे बंदर चौल नसून चेंबूर असावे, असा तर्क एके काळी काही अभ्यासकांनी केला होता. आज चौलच्या बाजूने कौल अधिक आहे. तरीही तो कौल आहे, पुरावे तोलून दिलेला. ‘सिमुल्ला : पाहा चौल’ या तीन शब्दांत तो सारा वाद गिळला जातो. शिवाय चंपावती आणि सिमुल्ला यांना एकाच पंक्तीत बसविता येईल काय? सिमुल्ला हे परक्या कानांनी ऐकलेले नाव आहे, चंपावती हे पुराणकथेने दिलेले. आणि पोर्तुगीजांचे चौल म्हणजे बहुतांशी समुद्रालगतच्या रेवदंड्याची तटबंद वस्ती. जुने चौल आत, वेगळ्या सत्तेखाली. म्हणजे ‘चौल’ हे अक्षररूप जुळले तरी त्याचा निर्देश जुळेलच असे नाही.

सॉल क्रिप्की यांनी १९७० च्या व्याख्यानांत नावाविषयी वेगळी भूमिका घेतली. नाव वर्णनाच्या बळावर टिकत नाही. नाव ठेवले जाते, मग ते एका बोलणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि या साखळीमुळे ते मूळ वस्तूला चिकटून राहते. तत्त्वचिंतक ही साखळी गृहीत धरतो. सूचिकाराला ती कडी कडी करून शोधावी लागते, आणि किनाऱ्यावर ती पुष्कळ ठिकाणी तुटलेली असते, कारण नाव एका भाषेच्या तोंडातून दुसऱ्या भाषेच्या कानात, आणि तेही बहुधा होडीतून, गेलेले असते.

आंग्र्यांच्या बाबतीत पेच उलटा आहे. तेथे रूप एक आणि माणसे अनेक. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात ‘आंग्रिया’ हा शब्द १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजींना उद्देशून येतो, पुढे संभाजींना आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडल्यावर हाती सापडलेल्या तुळाजींनाही उद्देशून येतो. कंपनीच्या दृष्टीने आंग्रिया ही व्यक्ती नव्हती, ते समुद्रावरचे एक संकट होते. संकटाला पिढ्या नसतात. त्याच कागदांत त्यांचा वर्ग ‘चाचे’ असा आहे, मराठी कागदांत ‘सरखेल’ असा. सूचीच्या विषयशीर्षात ‘चाचेगिरी’ घालून तिच्याखाली आंग्रे नोंदविले, तर वादातील एका पक्षाचे आरोपपत्र आपण वर्णक्रमात लावून ठेवतो. (शार्लट ब्राँटी आणि तिचा भाऊ ब्रॅनवेल यांनी बालपणी रचलेल्या एका काल्पनिक राज्याचे नावही ‘आंग्रिया’च होते. शोधयंत्र तेही निमूटपणे आणून देते.)

खरी कसोटी मात्र आडनावांपाशी लागते. ‘आडनाव प्रथम’ हा नियम ग्रंथालयशास्त्राने आपल्याला दिला आणि आपण तो तटस्थ म्हणून स्वीकारला. वस्तुतः तो तटस्थ नाही. ज्या समाजांत आडनावे संख्येने पुष्कळ आणि एकमेकांपासून स्पष्ट वेगळी, त्यांना तो चांगला ओळखतो. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भट यांच्यापाशी सूचिकार अडत नाही. पण अलिबाग, पेण, उरण या पट्ट्यातील आगरी-कोळी समाजात पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर ही आडनावे गावोगावी आहेत, आणि त्यांतील काही मुळात पदनामे आहेत. तेथे माणूस ओळखला जातो तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप सुरू केला. तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, त्याच्या पार्श्वभूमीत हा लढा आहे. त्याचे नेते नारायण नागू पाटील. या नावातील ‘नागू’ काढून ‘पाटील, ना.’ असे लिहून पाहावे. सहा वर्षांचा संप चालविणारा माणूस एका आद्याक्षराच्या आधाराने शेकडो पाटलांत उभा राहतो. नेत्याची ही गत, तर ज्यांनी शेते पडीक ठेवून पोटाला चिमटा घेतला त्या कुळांची काय कथा? त्यांच्या खोतांची नावे दस्तऐवजांत पूर्ण असतात. कुळांची नावे बहुधा ‘वगैरे’त जातात. ‘वगैरे’ची नोंद कोणत्याही सूचीत नसते.

बेने इस्रायल समाजाची नावे या प्रश्नाला आणखी एक पदर जोडतात. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून लागले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारचा विसावा यांवरून त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले गेले. अब्राहमचा आबाजी, सॅम्युअलचा सामाजी, आयझॅकचा हसाजी झाला, आणि आडनावे गावांवरून आली : किहीमकर, राजपूरकर, पेणकर, नवगावकर, चेऊलकर. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. आता ‘सामाजी : पाहा सॅम्युअल’ असे लिहावे काय? हिब्रू रूप ‘खरे’ आणि मराठी रूप ‘अपभ्रष्ट’ असे मानले, तरच ते योग्य ठरेल. पण ज्या माणसाला आयुष्यभर सामाजी म्हणून हाक मारली गेली, त्याच्या बाबतीत मुख्य नोंद कोणती, हे ठरविण्याचा अधिकार सूचिकाराला कोणी दिला? माझ्या मते अशा ठिकाणी ज्या रूपाने माणूस आपल्या गावात वावरला, ते रूप मुख्य मानावे आणि दुसरे त्याकडे वळवावे. याच्या विरुद्ध मत असू शकते, आणि ते मांडले जावे.

छापील सूचीत असे मत मांडण्याला जागा फारशी नव्हती. तरी ‘पाहा’ हा शब्द डोळ्यांना दिसत होता. वाचक ‘सैमूर’पाशी येत असे, आज्ञा वाचीत असे, पाने उलटून ‘चौल’पर्यंत जात असे. त्या पाने उलटण्याच्या अवधीत आपल्याला कोणीतरी एका नावावरून दुसऱ्यावर नेत आहे, याची जाणीव राहत होती. आंतरजालावरील ज्ञानकोशात ‘पाहा’ची जागा पुनर्निर्देशनाने घेतली. वाचक ‘सैमूर’ असे लिहितो आणि क्षणार्धात ‘चौल’वर पोहोचलेला असतो, कोठून आलो हे सांगणारी बारीक ओळ शीर्षकाखाली असते, पण ती कोण वाचतो? निर्णय तोच, फक्त तो घेणारा अदृश्य झाला. मराठी विकिपीडियासारख्या, २००३ पासून स्वयंसेवकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या प्रकल्पात हे निर्णय कोणीही घेऊ शकतो, हे त्याचे सामर्थ्य आहे. तेथे प्रत्येक पानाचा इतिहास जतन केला जातो आणि चर्चेसाठी वेगळे पान असते, म्हणजे केतकरांना उपलब्ध नसलेली सोय आहे. मात्र पुनर्निर्देशनाच्या पानाशी सहसा कोणी चर्चा करीत नाही. ते लिहिणाऱ्यालाही आपण विधान केले असे वाटत नाही; आपण झाडलोट केली, असे वाटते.

म्हणून किनारपट्टीच्या नामसूचीत तीन प्रकारच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, असे मी सुचवितो. जेथे तादात्म्य निर्विवाद आहे तेथे ‘पाहा’ असावे. जेथे ते तर्काने सिद्ध केलेले आहे, तेथे वाचकाला थेट न नेता मध्ये एक लहान पान ठेवावे. ‘सिमुल्ला’ या पानावर चौल आणि चेंबूर ही दोन्ही नावे आणि तर्काचा आधार दोन वाक्यांत यावा. ‘कुलाबा’ला निःसंदिग्धीकरणाचे पान लागेलच, आणि त्यात जिल्ह्याच्या नावापुढे १८६९ ते १९८० ही वर्षे लिहावी लागतील. पाटलांच्या नोंदीत बापाचे नाव आणि गाव यांना कात्री लावू नये, मग रकाना कितीही रुंद होवो.

तिसरा प्रकार ‘हेही पाहा’चा. त्यात तादात्म्याचा दावा नसतो, केवळ नाते दाखविलेले असते. ‘बूट पॉलिश’ (१९५४) या चित्रपटातील भूमिकेमुळे ओळखले जाणारे नट डेव्हिड (१९०९-१९८२) यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. प्रेक्षकांना परिचित नाव ‘डेव्हिड’, तेव्हा मुख्य नोंद तीच. ‘चेऊलकर’कडून तिकडे ‘पाहा’. पण ‘चौल’ या नोंदीच्या शेवटी, सेमुल्ला आणि सैमूर यांच्या खाली, ‘चेऊलकर’ हेही पाहा, अशी एक ओळ घालावयास हवी. एन्थोव्हेन यांच्या वर्णक्रमात तिला जागा नव्हती.