घरांची सरासरी किंमत : एका आकड्याचे परीक्षण

एखाद्या नगरातील घरांची सरासरी किंमत गतवर्षीपेक्षा अमुक टक्क्यांनी वाढली, असे विधान वारंवार वाचावयास मिळते. आणि त्यावरून ‘घरे महागली’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. वस्तुतः ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले त्या वर्षी विकल्या गेलेल्या घरांविषयी आहे, दुसरे नगरातील एकूण घरांविषयी. घर ही धान्यासारखी एकजिनसी वस्तू नव्हे. यंदा विकली गेलेली घरे आणि गतवर्षी विकली गेलेली घरे निरनिराळी असतात. त्यामुळे सरासरीतील बदलात किमतीचा बदल आणि विक्रीच्या मिश्रणाचा बदल हे दोन्ही एकवटलेले असतात.

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. पहिल्या वर्षी १०० घरे विकली गेली : ८० घरे प्रत्येकी १ कोटीला व २० घरे प्रत्येकी ५ कोटींना. सरासरी १८० लाख. दुसऱ्या वर्षी दोन्ही वर्गांतील किमती ५ टक्क्यांनी उतरल्या, परंतु ६० घरे ९५ लाखांची व ४० घरे ४७५ लाखांची विकली गेली. सरासरी २४७ लाख झाली. प्रत्येक घर स्वस्त झाले असता सरासरी ३७ टक्क्यांनी वाढली! मध्यक घेतला तर तो १०० लाखांवरून ९५ लाखांवर येतो व खरी स्थिती दाखवितो. पण महाग घरांची संख्या ४० ऐवजी ५५ असती, तर मध्यकही ४७५ लाखांवर उडी घेता. तेव्हा मध्यक हा या दोषावरील हमखास उतारा नव्हे.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. महाराष्ट्र शासनाने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांकशुल्कात सवलत दिली. मुंबईत ५ टक्क्यांचा दर डिसेंबरअखेर २ टक्के, व नंतर मार्च २०२१ अखेर ३ टक्के राहिला. मुदत संपण्याच्या महिन्यांत नोंदणीची गर्दी उसळली. तीन टक्क्यांची सवलत ५० लाखांच्या घराला दीड लाख रुपये वाचवून देते, पाच कोटींच्या घराला पंधरा लाख. अशा काळात विक्रीचे मिश्रण पूर्ववत राहिले असेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय नोंदणी कायद्यानुसार दस्तऐवज करून दिल्यापासून नोंदणीसाठी सादर करण्यास सामान्यतः चार महिन्यांची मुदत असते. म्हणून नोंदणीचा महिना हा किंमत ठरल्याचा महिना असेलच असे नाही.

नोंदलेला आकडा स्वतःही निर्मळ नसतो. करारातील मोबदला आणि शासकीय मूल्यदर तक्त्यानुसार, म्हणजे लोकभाषेतील ‘रेडी रेकनर’नुसार येणारे मूल्य, यांपैकी अधिक असेल त्यावर शुल्क आकारले जाते. साहजिकच त्या मूल्याखाली किंमत दाखविण्यात फारसे स्वारस्य उरत नाही, आणि मंदीतील घसरण कागदावर अंशतः झाकली जाण्याचा संभव राहतो. क्षेत्रफळाचाही प्रश्न आहे. ८० लाखांचे घर १,००० चौरस फूट ‘विक्रीयोग्य’ क्षेत्रावर ८,००० रुपये दराचे ठरते. तेच ६४० चौरस फूट चटई क्षेत्रावर १२,५०० रुपये दराचे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राला कायदेशीर आधार दिला. त्यापूर्वीचे दर नंतरच्या दरांशी ताडून पाहताना ही मापे तपासली नाहीत, तर केवळ मोजपट्टी बदलल्याने भाववाढ दिसेल.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकास मर्यादा आहे. विभाग व आकारमान यांनुसार वर्ग पाडून पायाभूत वर्षाचे भार स्थिर ठेवणे, ही लॅस्पेयर्सची रीत. वरील उदाहरणात ती १७१ लाख, म्हणजे नेमकी ५ टक्के घट देते. मात्र वर्गांतर्गत मिश्रण बदलले तर तीही फसते. बेली, म्यूथ व नोर्स यांनी १९६३ मध्ये मांडलेली पुनर्विक्री पद्धती एकाच घराच्या दोन विक्रींची तुलना करते. परंतु मुंबईत जुनी इमारत पाडून त्याच जागी नवी उभी राहते. पत्ता तोच, घर मात्र वेगळे. शिवाय प्रथमच विकली जाणारी घरे या पद्धतीतून वगळली जातात. रोझेन यांनी १९७४ मध्ये ज्याला सैद्धांतिक बैठक दिली, ते गुणविशेषांनुसार किमतीचे विश्लेषण अधिक सूक्ष्म आहे. पण मजला, वय, वाहनतळ, स्थानकापासूनचे अंतर अशी तपशीलवार माहिती नसेल तर ते पंगू होते.

म्हणून सरासरी त्याज्य ठरते असे नव्हे. खरेदीदारांनी दर घरामागे किती पैसा ओतला, हे सांगण्यास ती पुरेशी आहे. घराचा भाव सांगण्याचे काम मात्र तिच्यावर लादू नये. या भेदाचे मोल मोठे आहे. वाढत्या सरासरीला भिऊन एखादे कुटुंब वीस वर्षांचे कर्ज घाईने अंगावर घेते. त्याच आकड्याच्या भरवशावर तारणाचे मूल्य फुगविले जाऊ शकते. किती विक्रींवरून, कोणत्या वर्गांच्या, कोणत्या मापाने व कोणत्या तारखेनुसार आकडा काढला, या चार प्रश्नांची उत्तरे सोबत नसतील, तर तो आकडा बाजाराचे वर्णन नसून बाजाराविषयीचा एक समज होय. अभ्यासकाने आधी प्रश्न विचारावेत आणि टक्केवारी मग वाचावी.