नावडती नायिका, आवडती कादंबरी : ‘ययाति’मधील देवयानी

प्रस्तावना :

वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली प्रकाशित झाली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला व १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने तिचा पुन्हा गौरव झाला. प्रणय, वासना आणि संयम यांचा संघर्ष रंगविणारी ही कादंबरी आजही आवडीने वाचली जाते. मात्र ती आवडणाऱ्या अनेक वाचकांना देवयानी आवडत नाही. प्रमुख पात्राविषयी अप्रीती असतानाही कादंबरीचा आस्वाद कसा घेता येतो आणि ही अप्रीती कितपत न्याय्य आहे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अप्रीती आणि आस्वाद :

देवयानी अहंकारी आहे, सूडबुद्धीची आहे. राजकन्या शर्मिष्ठेला दासी बनविण्याचा तिचा हट्ट वाचकाला बोचतो. त्यागी शर्मिष्ठेशेजारी ती अधिकच कठोर भासते. तरीही कादंबरी पुढे सरकते ती याच हट्टामुळे. शर्मिष्ठा दासी झाली नसती, तर ययातीशी तिचा गुप्त प्रणय घडला नसता आणि शुक्राचार्यांच्या शापाचा प्रसंगही उद्भवला नसता.

याहून महत्त्वाचे कारण निवेदनपद्धतीत आहे. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा ही तिन्ही पात्रे प्रथमपुरुषी निवेदन करतात. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे उपयोगी पडते. वाचक पात्राशी एकरूप होतो, परंतु स्वतःचे भान सोडत नाही. कचाच्या नकाराने दुखावलेले देवयानीचे मन वाचक आतून अनुभवतो, पण तिच्या वर्तनाचे समर्थन करीत नाही. राग कायम राहतो आणि समजही वाढते. आस्वाद या दुहेरी अनुभवातून जन्मतो.

अप्रीतीचे परीक्षण :

परंतु ही अप्रीती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. पुढे शुक्राचार्यांनी बजावूनही ययाति शर्मिष्ठेशी गुप्तपणे संबंध ठेवतो. म्हणजे मूळ कथेत देवयानी दोनदा अन्यायाची बळी ठरते. कादंबरीतही पतीने केलेली फसवणूक आहेच. असे असूनही वाचक ययातीला लवकर क्षमा करतो. देवयानीला मात्र करीत नाही.

याचे कारण ययातीच्या कबुलीत आहे. तो स्वतःच्या अधःपाताची कथा स्वतः सांगतो आणि कबुली देणाऱ्याविषयी वाचकाच्या मनात अनुकंपा निर्माण होते. देवयानीजवळ अशी कबुली नाही, अभिमान आहे. त्यामुळे पुरुषाची विषयासक्ती ‘दौर्बल्य’ ठरते, तर स्त्रीचा अभिमान ‘दुर्गुण’ ठरतो. खांडेकरांनी शर्मिष्ठेला जवळजवळ निर्दोष रेखाटल्यामुळे हे पारडे आणखी झुकते. कादंबरीची ही मर्यादा मान्य करावी लागते. तथापि देवयानीला स्वतंत्र निवेदन देऊन ती ओळखण्याचे साधनही खांडेकरांनीच वाचकाच्या हाती दिले आहे, हेही नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष :

पात्र आवडणे आणि कलाकृती आवडणे या भिन्न गोष्टी आहेत. अध्यापनात मात्र त्यांची गल्लत होते. ‘देवयानीचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न दिला की गुणदोषांची यादी तयार होते आणि विचार तेथेच थांबतो. त्याऐवजी ‘तिघांपैकी कोणाच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतो आणि का?’ असा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर विद्यार्थी देवयानीबरोबरच स्वतःच्या न्यायबुद्धीचेही परीक्षण करू लागेल. देवयानी त्याला कदाचित आवडणार नाहीच. पण ती का आवडत नाही, याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल.