शब्दांआधीचा ठेका

भाषा शिकायची म्हटलं की आपण शब्द पाठ करायला घेतो. बाळ दुसऱ्याच टोकाकडून सुरुवात करतं. १९९८ साली तिएरी नाझी आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या नवजात बाळांना आवाज गाळून वाक्यं ऐकवली: शब्द कळेनासे, लय शाबूत. बाळांना इंग्रजी आणि जपानीतला फरक कळला; इंग्रजी आणि डचमधला नाही, कारण त्या दोघींचा ठेका जवळचा.

दुसरी भाषा शिकवताना आपण नेमकं हेच गाळतो. इंग्रजीत 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या अक्षरावर असतो. 'फोटोग्राफी' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि शेजारचे स्वर आक्रसतात. आपण चारही अक्षरांना सारखंच वजन देतो. स्पोकन इंग्लिशचे क्लास मात्र सुटे उच्चार घासत बसतात.

मराठी शिकणाऱ्याचंही तेच. 'करवत' लिहिताना अक्षरं चार, बोलताना 'कर्-वत्' असे ठोके दोनच. लिपी हे सांगत नाही, आणि अ‍ॅपवर शब्दांचे ठोकळे जुळवूनही ते कळत नाही.

म्हणून बडबडगीतांना निरर्थक म्हणणं मला पटत नाही. अर्थ येण्याआधी ती टाळी कुठे पडते ते शिकवतात. मोठ्यांच्या अभ्यासक्रमात ही टाळीच नसते. मग इंटरव्ह्यूत व्याकरण अचूक असूनही माणूस 'कम्युनिकेशन कच्चं' म्हणून मागे पडतो. त्याला शिकवलेल्या भाषेत फक्त शब्द होते; ठेका कुणी दिलाच नव्हता.