कागदावर न दिसणारा ज

'जग' हा शब्द मोठ्याने वाचा. दुनिया या अर्थी घेतलात तर त्यातला ज तालव्य, 'जिराफ'मधल्यासारखा. जगण्यातला 'जग' घेतलात तर दंततालव्य, 'जर'मधल्यासारखा. लिपी दोन्ही एकसारखेच लिहिते. फरक वाचणाऱ्याच्या जिभेला माहीत असावा लागतो, आणि जिभेला कळण्याआधी वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्यात पोहोचलेला असावा लागतो. ज्ञ मराठीत द्न्य होतो, हिंदीत ग्य. 'सिंह'मधला अनुस्वार व्हकडे झुकतो. यातलं काहीही संहितेत छापलेलं नसतं.

मराठी आवाजाच्या क्षेत्राची आजची अवस्था इथेच उघडी पडते. हिंदीवरून घाईने भाषांतरित केलेली जाहिरात पुष्कळदा हिंदीतल्याच आवाजाकडून मराठीत वाचून घेतली जाते. मग 'शाळा'ची शाला होते, 'पाणी'चं पानी होतं, आणि मराठी कानाला पहिल्या तीन सेकंदांत कळतं की हे आपल्यासाठी बोललेलं नाही. असा पैसा वाचवणं म्हणजे जाहिरातीवरचा सगळाच खर्च वाया घालवणं.

आपल्याकडे ही विद्या नव्हती असं नाही. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत असे उभे केले, की लोक त्यांना शेजारी समजत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे प्रदीप भिडे यांनी अनेक दशकं बातम्या दिल्या. बातमी कितीही हादरवणारी असो, शब्दाचा शेवट गिळायचा नाही आणि स्वतःची भावना बातमीच्या पुढे काढायची नाही, ही शिस्त त्या आवाजात होती. त्यामागे उच्चार तपासणारे कान होते, आणि चूक थेट हजारो घरांत पोहोचेल ही धास्तीही होती. ती धास्ती आज संगणकाने घालवली. चुकलं तर पुन्हा टेक घेता येतो. पण चूक झाली हे ओळखणारं तरी कुणी स्टुडिओत हवं!

डबिंगमध्ये सध्या नावाजलेल्या नटाला बोलावण्याची हौस आहे. तिचा दाखला म्हणून 'पुष्पा' चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतल्या श्रेयस तळपदेकडे बोट दाखवलं जातं. मला हा दाखला उलटा वाटतो. तो नट मराठी रंगभूमीवरून आला आहे. दुसऱ्याच्या ओठांवर, दुसऱ्याच्या श्वासाच्या मापात वाक्य बसवून त्यात जीव ओतणं त्याला जमलं ते त्या तालमीमुळे. 'बाहुबली'ला हिंदीत आवाज देणारे शरद केळकर तर लहानपणी अडखळत बोलत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. उपजत 'भारदस्त' आवाजाची जी महती आपण गातो, तिला याहून चोख उत्तर नाही. आवाज कमवावा लागतो.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र श्राव्यपुस्तकांत होते. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे श्राव्यपुस्तकांचं अ‍ॅप भारतात आलं, मराठीला एक मोठं दालन मिळालं आणि मोठ्याने वाचणाऱ्या वाचकांची गरज अचानक वाढली. जाहिरात वीस सेकंदांची. कादंबरी दहा-बारा तासांची. तयार झालेल्या एका तासासाठी माइकसमोर सहज दोन-तीन तास जातात. पहिल्या दिवशीचा आवाज पंधराव्या दिवशी तसाच लागला पाहिजे. प, फ, भ यांची हवा माइकवर आदळता कामा नये. श्वास स्वल्पविरामापाशी नव्हे, अर्थापाशी घ्यावा लागतो. मालवणी आजी पुणेरी बोलली की कादंबरी मेली. आणि तिची नक्कल केली तरी मेली. चांगला वाचक आजीचा आवाज काढत बसत नाही. तो तिचा हेल किंचित सुचवतो आणि बाजूला होतो. हे संयमाचं काम तालमीशिवाय येत नाही. तरीही कित्येक पुस्तकं केवळ 'आवाज गोड आहे' म्हणून कुणाकडे तरी सोपवलेली ऐकू येतात. दुसऱ्या प्रकरणापर्यंत तो गोडवा एकसुरी होतो आणि ऐकणारा पुस्तकालाच कंटाळवाणं ठरवतो. लेखकावर हा अन्याय आहे.

आता यंत्राचा आवाज आला आहे. रेल्वेची वेळ सांगायला तो पुरेसा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते यंत्रही माणसांच्याच ध्वनिमुद्रणांवर शिकलेलं असतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय यंत्राने नक्कल करण्याला मनाई केली. प्रसिद्ध गायकाला कोर्टाची पायरी चढता येते. ज्याचं नाव श्रेयनामावलीतही नसतं त्या मराठी आवाजाने कुठे जायचं? त्याच्या करारात पुनर्वापराचं आणि यंत्राच्या प्रशिक्षणाचं कलम स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि अशा वापराचं मानधन वेगळं असावं.

निर्मात्यांना आवाज ठरवण्याची एक साधी चाचणी सुचवते. गोड नमुना ऐकू नका. ज, च, ळ, ण, ज्ञ यांनी भरलेला एक न पाहिलेला परिच्छेद समोर ठेवा आणि वाचणारा अर्थापाशी थांबतो का, ते ऐका. आणि वाचकहो, पुढचं श्राव्यपुस्तक आवडलं तर वाचणाऱ्याचं नाव शोधा. ते कुठेच दिलेलं नसेल, तर प्रकाशकाला दोन ओळी लिहून विचारा.