तीन मिनिटांत दुरुस्त होणारं मिग

मिग-२१ उतरवायला शिकताना आपण किती वेळा मेलो, हे मी सुरुवातीला वहीत लिहून ठेवत होतो. एकोणीसनंतर वही बंद केली. विसाव्या वेळी चाकं धावपट्टीला टेकली, विमान थोडं भरकटून गवतात थांबलं, आणि रात्री दीड वाजता मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या.

हे सगळं डीसीएस वर्ल्ड नावाच्या सिम्युलेटरमधलं. तो फोनवर चालत नाही, साध्या लॅपटॉपचीही दमछाक करतो. त्यातलं मिग-२१ बिस २०१४ साली आलं. त्याला खेळ म्हणताना जीभ अडखळते, कारण पहिले कित्येक दिवस तुम्ही खेळत नाही, वाचता. जाडजूड मॅन्युअल उघडायचं, मग हिरव्या-निळ्या रंगाच्या त्या कॉकपिटमध्ये एकेक स्विच शोधायचा. बॅटरी, इंधनाचे पंप, मग इंजिन. क्रम चुकला की विमान ढिम्म.

यातला एक काटा मला फार आवडतो. मिग-२१चा इंधनाचा काटा टाकीत किती इंधन आहे हे मोजत नाही. उड्डाणाआधी वैमानिकाने स्वतः बटण फिरवून त्याला आकडा सांगायचा. पुढे काटा त्यातून खर्च वजा करत जातो. तुम्ही चुकीचा आकडा दिलात, तर तोही इमानेइतबारे चुकीचंच सांगत राहणार. सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी ही खोड जशीच्या तशी ठेवली आहे. एखाद्या आळशी खेळात तो काटा आपोआप भरला असता.

जुनी सोव्हिएत विमानं सिम्युलेटरमध्ये इतकी रंगतात, ती यामुळेच. ती तुम्हाला काम लावतात. पोलिकार्पोव्हचं आय-१६ घ्या. १९३३ च्या अखेरीस पहिल्यांदा उडालेलं, आखूड आणि गोलमटोल. त्याची चाकं आत घ्यायची तर हाताने हँडल ४४ वेळा फिरवावं लागायचं. उड्डाण घेतल्या घेतल्या एका हाताने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने विहिरीचा रहाट ओढल्यासारखं हँडल ओढायचं. साहजिकच विमान डुलायचं. सिम्युलेटरमध्येही ते डुलतं. इतिहासाच्या पुस्तकात हे एक वाक्य असतं. इथे मात्र ते मनगटापर्यंत पोचतं. बहुतेक युद्धखेळ शस्त्र हातात देऊन मोकळे होतात. इथे शत्रू दिसण्याआधीच निम्मी लढाई यंत्राशी होऊन जाते, आणि आपण किती कच्चे आहोत ते कळतं. या प्रकाराचं हे मोठेपण मी मनापासून मान्य करतो.

माझी तक्रार सुरू झाली ती मामा घरी आले तेव्हा.

मामांनी नोकरीची सगळी वर्षं ओझरच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. नाशिकजवळचं ओझर म्हणजे भारतातलं मिगचं माहेर. रशियाबाहेर जन्मलेली शेकडो मिग-२१ तिथली. मी मोठ्या हौसेने त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. कॉकपिट पाहून ते खरंच हरखले. पॅनेलच्या मधोमध असलेली उभी पांढरी पट्टी त्यांनी बोटाने दाखवली. विमान गिरक्या खात कोसळायला लागलं की दांडा त्या पट्टीच्या रेषेत आणायचा, म्हणून ती रंगवलेली. "ही पण ठेवलीय का रे!" असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढून बसले.

मग मी उतरताना विमान आपटलं. एक चाक मोडलं, इंजिन गेलं. मी सवयीने मेन्यूतून दुरुस्ती मागितली.

"आता काय करतोस?"

"दुरुस्त होतंय मामा. तीन मिनिटं लागतात."

ते आधी हसले. मग म्हणाले, "इंजिन काढायचं तर मागचं अख्खं धड सोडवावं लागतं, माहितीये? कोण सोडवतंय इथे?"

कोणीच नाही. मी कॅमेरा फिरवून पाहिला. विमानाभोवती चिटपाखरू नव्हतं. तीन मिनिटांनी ते नवंकोरं झालं आणि मामा चहा घ्यायला आत गेले.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतोय. बुद्धिबळातल्या घोड्याला कोणी चारा घालत नाही, मग खेळाकडून एवढी अपेक्षा का? मान्य. पण बुद्धिबळ आपण खरा घोडा आहोत असा दावा करत नाही. या सिम्युलेटरचा सगळा डौल तपशिलाच्या अचूकतेवर उभा आहे. प्रत्येक स्विच चालतो, हे त्याचं ब्रीद. तेव्हा त्याला त्याच्याच मापाने मोजायला हवं, आणि त्या मापाने पाहिलं तर स्विच कॉकपिटच्या कडेला संपतात. वैमानिकाचं ज्ञान जपलंय, फिटरचं ज्ञान तीन मिनिटांच्या घड्याळात गुंडाळून टाकलंय.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. मला अवघड लँडिंगची मजा वाटत होती. मिग-२१ ताशी जवळपास तीनशे किलोमीटरच्या वेगाने जमिनीकडे येतं. इंजिनमधली हवा फ्लॅप्सवरून वाहते आणि विमानाला आधार देते. घाबरून थ्रॉटल एकदम मागे घेतलात की तो आधार जातो आणि विमान दगडासारखं पडतं. मी एकोणीस वेळा हेच केलं. आपल्या हवाईदलात हे विमान १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये त्याला निरोप दिला गेला. मधल्या काळात माझ्याहून लहान वयाची कितीतरी मुलं किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानांनंतर थेट या वेगाला सामोरी गेली. मधली पायरी हवी, ही मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. हॉक हे प्रगत प्रशिक्षण विमान दाखल झालं २००८ साली. तोवर वर्तमानपत्रांनी मिगला 'उडती शवपेटी' करून टाकलं होतं. मामांना तो शब्द सहन होत नाही. "आम्ही शवपेट्या बनवत नव्हतो," एवढंच म्हणतात. त्या वाक्यात अभिमान किती आणि दुखणं किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

सिम्युलेटरने मला मृत्यूची भीती दाखवावी असं मी म्हणत नाही. ते होणारही नाही, एस्केपचं बटण कायम हाताशी आहे. पण एवढी मोहीम, एवढे नकाशे, त्यात एखादी मोहीम अशी का नाही, जिथे शत्रूच नाही? एक नवखा वैमानिक, भर दुपारचं ऊन, एक धावपट्टी आणि उतरायचं. भारतीय मिगची खरी गोष्ट युद्धांइतकीच अशा साध्या दिवसांत घडली. आणि एखादी मोहीम, जिथे रात्रपाळीत विमान सकाळपर्यंत उभं करायचंय. ती खेळायला कोण येईल, असं विचाराल. आय-१६चं हँडल ४४ वेळा फिरवायला लोक पैसे मोजून आलेच ना.

मी अजूनही उडवतो. इतकं झाल्यावरही या विमानाविषयी एवढं शिकवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. फक्त आता विमान मोडलं की मेन्यू उघडत नाही. त्या दिवशीचं उड्डाण तिथेच संपवतो. परवा मामांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "उतरवलंस का नीट?"

"हो मामा."

"इंधनाचा आकडा आधी लावतोस ना?"

लावतो म्हणालो.