कोणाचे शिवार, कोणाचे शास्त्र?

पदवीच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात रानात नेऊन निसर्गाचे संशोधन शिकवावे, ही कल्पना चांगलीच आहे. आक्षेप आहे तो तिच्यामागच्या दृष्टीला. या दृष्टीला झाड दिसते, पाणी दिसते, पक्षी दिसतो. त्या झाडाची साल काढणारा आणि त्या पाण्यापासून दूर ठेवला गेलेला माणूस मात्र दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम तयार केला. पन्नास व्याख्यानांपैकी पाचांइतका वेळ क्षेत्रकार्याला आणि १०० पैकी २५ गुणही त्यालाच. त्यात तळे, नदी, डोंगरउतार अशा 'साध्या' परिसंस्थांचा अभ्यास सांगितला होता. हा 'साधी' शब्द तपासून घेतला पाहिजे. या महाराष्ट्रात तळे साधे कधी होते? महाडचे चवदार तळे नगरपालिकेने कागदावर खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जावे लागले. पुढे दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. मग पाण्यातल्या शेवाळाची नोंद करणाऱ्या आपल्या तक्त्यात, या पाणवठ्यावर कोणाला बंदी होती, यासाठी एक रकाना का नसावा? मुकुल शर्मा यांनी 'कास्ट अँड नेचर' (२०१७) या ग्रंथात जात आणि पर्यावरणविचार यांचे नाते उलगडले आहे. ते वर्गात शिकवून भागणार नाही, तक्त्यात उतरले पाहिजे.

आता आपल्या कोल्हापूरकडे पाहू. ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरले. अशा रानात हिरड्याखाली उभा राहून विद्यार्थी 'टर्मिनालिया चेब्युला' हे नाव वहीत उतरवतो. याच जिल्ह्यात कोल्हापुरी चपलेचे कातडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावले जाते. सालीचा कस कसा ओळखावा, कातडे किती दिवस भिजवावे, हे ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हाताने जाणले. हे वनस्पतिशास्त्रही आहे आणि रसायनशास्त्रही. गावाने त्याला विटाळ म्हटले. त्या घरातला विद्यार्थी शिबिरात हिरड्यापुढे गप्प राहतो, कारण ठाऊक असलेले सांगणे म्हणजे जात सांगणे. ज्या प्रशिक्षणात सर्वांत जाणता विद्यार्थी गप्प बसतो, ते प्रशिक्षण शास्त्र म्हणूनही अपुरे आहे.

माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकात महाविद्यालयीन शिक्षक-विद्यार्थ्यांना पश्चिम घाटाच्या नोंदींच्या कामात सामील केले. लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ही कल्पनाही त्याच काळातली. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या चौकटीत तिला जागा मिळाली. हे पाऊल पुढचे आहे, ते मान्य केलेच पाहिजे. पण सांगणारा केवळ 'माहितगार' आणि लिहिणारा तेवढा 'संशोधक' अशी वाटणी राहिली, तर श्रम एकाचे आणि विद्या दुसऱ्याची हा जुनाच न्याय नव्या वहीत चालू राहील.

आणखी एक प्रश्न उन्हाळ्याचा. मे महिना नोकरदाराच्या घरी सुट्टीचा, मजुराच्या घरी कमाईचा. आपले कितीतरी विद्यार्थी तेव्हा एमआयडीसीत, वीटभट्टीवर, लग्नाच्या वाढपात राबतात. विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीत विद्यावेतन असते. पण स्पर्धा देशभरची, अर्ज इंग्रजीत आणि शिफारसपत्र हवे. राज्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी पदवी-रचना आली आणि क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळाले. म्हणजे जे कालपर्यंत हौशीचे होते, ते आता पदवीचा भाग झाले. ज्याला रोज बुडवणे परवडत नाही, त्याने काय करायचे?

म्हणून मागण्या साध्या आहेत. क्षेत्रकार्याच्या दिवसांना मजुरीइतके विद्यावेतन द्या. मराठीतली नोंद पूर्ण गुणांची माना. सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव अहवालात लिहा. तळ्याच्या तक्त्यात माणसांचा रकाना वाढवा. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे आपापल्या महाविद्यालयात, अभ्यास मंडळात आत्ताच मांडले पाहिजे. शिवार आमच्या माणसांच्या घामाने ओले आहे. त्याच्या शास्त्रावरही आमचा हक्क आहे.