हजेरी आणि निकाल

एका शाळेच्या संगणककक्षात शिक्षकांबरोबर बसलो होतो. हार्ड डिस्क भरत आली होती. "सगळी डिस्क दाबून टाकू," असे कोणीतरी सुचवले. विंडोजच्या काळ्या पडद्यावर 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा दिली. बऱ्याच वेळाने, अमुक इतक्या फाइलींचे संकोचन झाले, असा भलामोठा आकडा उमटला. सर्वांना हायसे वाटले. रिकामी जागा मात्र जवळजवळ होती तेवढीच राहिली. असे का व्हावे?

ही आज्ञा 1995 साली विंडोज एनटी 3.51 बरोबर आली. तिच्यामागची युक्ती साधी आहे. फाइलीचे साधारणपणे 64 किलोबाइटचे तुकडे पाडायचे. तुकड्यात तीच अक्षरमाला पुन्हा आली, की ती न लिहिता 'मागे अमुक ठिकाणी पाहा' एवढीच खूण ठेवायची. लेम्पेल आणि झिव यांनी 1977 साली मांडलेल्या कल्पनेचे हे एक रूप. एवढे करून 4 किलोबाइटचा एक कप्पाही वाचत नसेल, तर तो तुकडा मूळ रूपातच ठेवला जातो.

मराठी मजकूर या पद्धतीला फार सोयीचा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यांतला पहिला नेहमी एकच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. म्हणजे पुनरुक्ती भरपूर. उलट जेपेग छायाचित्रे, एमपी-3 गाणी आणि चित्रफिती आधीच पिळून काढलेल्या असतात. त्या शाळेची डिस्क स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनीच भरली होती!

सगळ्याच फाइली लहान करणारी युक्ती का नसते, हे वर्गात फळ्यावर दाखवता येते. तीन बिटांच्या वेगवेगळ्या फाइली आठ. त्यांहून छोट्या, म्हणजे एक आणि दोन बिटांच्या, मिळून सहा. रिकामी फाइल धरली तरी सातच. आठ मुलांना सात बाक दिले, तर एका बाकावर दोघे बसणार. मग उलगडताना मूळ फाइल कोणती, हे कसे ठरवणार?

तेव्हा दोष गणिताचा नाही. माझा आक्षेप आज्ञेच्या भाषेवर आहे. एखाद्या फाइलीवर संकोचनाची खूण केली, की जागा वाचो न वाचो, ती 'संकुचित' म्हणून मोजली जाते. ही झाली हजेरी, निकाल नव्हे. निकाल त्याखालच्या ओळीत असतो : मूळ बाइट किती, साठवायला किती लागले आणि त्यांचे गुणोत्तर काय. ते 1 च्या आसपास असेल, तर सारी खटपट वाया गेली असे समजावे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. काम चालू असताना वीज गेली, तर एखादी फाइल अर्धवट राहू शकते. पुढच्या वेळी खूण पाहून आज्ञा तिला वगळते. ती पूर्ण करायला सक्तीचा 'एफ' पर्याय जोडावा लागतो. भारनियमन सोसलेल्या शाळांना हे ठळकपणे सांगायला हवे. तसेच संकोचन उलगडायलाही मोकळी जागा लागते. गच्च भरलेल्या डिस्कवर परतीची वाट बंद होऊ शकते.

तरीही एक श्रेय द्यायला हवे. 1993 च्या एमएस-डॉस 6 मधील डबलस्पेस सारी डिस्क एकाच अवाढव्य फाइलीत कोंबत असे आणि उरलेली जागा अंदाजाने, दोनास एक असे गुणोत्तर धरून, सांगत असे. ती फाइल बिघडली तर सगळेच धोक्यात. कॉम्पॅक्ट प्रत्येक फाइल स्वतंत्र ठेवते आणि झालेल्या कामाचा खरा हिशोब देते. फक्त तो वाचणारा हवा.

आपल्या शाळेत हा प्रयोग जरूर करा. आधी प्रती काढून ठेवा. एका फोल्डरमध्ये मराठी मजकुराच्या मोठ्या फाइली आणि दुसऱ्यात छायाचित्रे ठेवा. गुणोत्तरे काय येतील याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहू द्या, मगच आज्ञा द्या. पडद्यावर मोठा आकडा उमटला, की 'हा नक्की कशाचा आकडा?' असे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर डिस्कवर वाचलेल्या जागेपेक्षा ती कमाई मोठी असेल.